एका फेरीची शर्यत : लेन, निम्मं अंतर आणि जन्मसाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक ज्युनियर ॲथलेटिक्स स्पर्धेच्या बातम्या आपल्या क्रीडापानावर अधूनमधून येतात, याचं समाधान आहे. क्रिकेटच्या गर्दीत पुरुषांच्या ४०० मीटरला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ झालं, अशी स्थिती आहे. पण त्या चार ओळींत दोन वाक्यं हमखास असतात आणि दोन्ही चुकीची असतात. पहिलं, ‘बाहेरच्या लेनमधील धावपटूला पुढून सुरुवात मिळाल्याने फायदा झाला.’ दुसरं, ‘अखेरच्या शंभर मीटरमध्ये त्याने वेग वाढवून सर्वांना मागे टाकले.’ ही वाक्यं वाचून शाळेतली मुलं आणि काही वेळा त्यांचे क्रीडाशिक्षकही शर्यत तशीच धावायला आणि धाववायला जातात, म्हणून हे पत्र. जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच व प्रशिक्षक म्हणून काम करणाऱ्या आम्हा काही जणांचं ते एकत्रित आहे.

आधी ‘पुढून सुरुवात’. प्रमाणित ट्रॅकवर सरळ पट्ट्या ८४.३९ मीटरच्या आणि वळणाची आतली त्रिज्या ३६.५० मीटर असते. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. म्हणजे धावण्याची त्रिज्या ३६.८० मीटर झाली. दोन्ही वळणं मिळून २३१.२२ मीटर, त्यात दोन सरळ पट्ट्यांचे १६८.७८ मिळवा, की बरोबर ४०० भरतात. लेनची रुंदी १.२२ मीटर. दुसऱ्या लेनपासून पुढे मोजमाप आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर घेतात. त्यामुळे दुसऱ्या लेनचा धावपटू एका फेरीत ७.०४ मीटर जास्त धावला असता, तिसऱ्याचा १४.७०, आणि आठव्याचा तब्बल ५३.०३. हे जास्तीचं अंतर सुरुवातीलाच वजा करतात, त्यालाच आपण स्टॅगर म्हणतो. आठव्या लेनच्या मुलाला त्रेपन्न मीटर कोणी बहाल केलेले नसतात. त्याला धावावे लागणारे मीटर चारशेच.

लेनमुळे फरक पडतो, पण वेगळ्याच कारणाने. सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने वळण घेताना पहिल्या लेनच्या धावपटूला आतल्या बाजूला साधारण चौदा अंश कलावं लागतं, आठव्याला साडेअकराच्या आसपास. उंच, लांब ढांगेच्या मुलाला आतल्या लेनमध्ये ढांग आखडावी लागते आणि डाव्या पायावर जास्त भार येतो. हा झाला बाहेरच्या लेनचा फायदा. तोटा असा, की आठव्या लेनमधल्याला शर्यतीचा बहुतेक भाग कोणीच दिसत नाही. सगळे त्याच्या पाठीमागे असतात, आणि पहिल्यांदा कोणी दिसतं तेव्हा ते त्याला मागे टाकून पुढे गेलेलं असतं. अनुभवी माणूस हे पचवतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं मात्र आठव्या लेनमध्ये एक तर भीतीने पहिल्या दोनशेतच सगळं खर्च होतं, नाही तर कोणी दिसत नाही म्हणून तो आरामात धावत राहतो.

जुन्या नियमात आधीच्या फेरीतल्या पहिल्या चार जणांना ३ ते ६ या लेन चिठ्ठ्या टाकून मिळत. आता ४०० साठी त्या ४ ते ७ झाल्या आहेत, मग ३ आणि ८, आणि उरलेल्या दोघांच्या नशिबी १ आणि २. नियम करणाऱ्यांनीही आतल्या लेनची अडचण मान्य केली आहे, असाच याचा अर्थ. आणि आठव्या लेनमधून काय होऊ शकतं हे रिओ ऑलिम्पिकमध्ये १४ ऑगस्ट २०१६ ला सगळ्यांनी पाहिलं. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क तिथून ४३.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून गेला. त्याच्यामागे आलेले दोघेही जागतिक ज्युनियर विजेते होते. किराणी जेम्स २०१० चा माँक्टनचा आणि लाशॉन मेरिट २००४ चा ग्रोसेतोचा. आपल्या बातमीत त्या वेळी लेनचा आकडा आला होता, कारण तो विक्रम होता. ज्युनियरच्या बातमीत येत नाही.

सुरुवातीबद्दलही थोडं लिहायला हवं. ४०० मीटरला ब्लॉक्स (सुरुवातीला पाय रोवायचे ठोकळे) सक्तीचे आहेत आणि ते लेनच्या मधोमध सरळ लावायचे नसतात. लेनच्या बाहेरच्या कडेला सरकवून, तोंड आतल्या रेषेच्या दिशेने तिरकं करून लावतात, म्हणजे पहिली पाच-सहा पावलं सरळ रेषेत पडतात आणि मग वळण सुरू होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक ब्लॉकमागे छोटा स्पीकर असतो. तो शोभेचा नाही. पहिल्या आणि आठव्या लेनच्या सुरुवातीमध्ये सरळ रेषेत सुमारे ४६ मीटर अंतर पडतं. स्टार्टर पहिल्या लेनशेजारी उभा राहून बार काढेल, तर आवाज आठव्यापर्यंत पोचायला सेकंदाचा तेरा-चौदा शतांश जातो. चांगल्या धावपटूचा प्रतिसादच, म्हणजे बार ऐकून हलायला लागणारा वेळच, तेवढा असतो. आपल्या जिल्हा स्पर्धांत स्पीकर नसतात, पण उपाय फुकट आहे. स्टार्टरने पहिल्या लेनशेजारी न थांबता वळणाच्या आत, मैदानात जावं आणि सगळ्या लेनपासून जवळपास सारखं अंतर राहील अशी जागा धरावी. बारानंतर ०.१०० सेकंदाच्या आत कोणी हलला तर तो फाउल स्टार्ट, आणि २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. ज्युनियरलाही सवलत नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण खरं नुकसान त्यानेच होतं.

४०० मीटरच्या शेवटच्या शंभरात कोणीही वेग वाढवत नाही. कोणीही म्हणजे जगज्जेताही नाही. रिओच्या त्या विक्रमाचे शंभर-शंभरचे तुकडे ढोबळमानाने १०.७, ९.८, १०.५ आणि १२.० असे आहेत. शेवटचे शंभर मीटर दुसऱ्या शंभरापेक्षा दोन सेकंदांहून जास्त संथ, आणि तरी जागतिक विक्रम. सगळ्यात जास्त वेग पहिल्या वळणातून बाहेर पडताना आणि मागच्या सरळ पट्टीवर येतो. त्यानंतर घसरणच असते. जिंकतो तो सगळ्यात कमी घसरणारा.

ताम्पेरेच्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत १२ जुलै २०१८ ला हिमा दासने ५१.४६ सेकंदांत सुवर्ण घेतलं, ती महिलांची शर्यत आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर असेल म्हणून तिचं उदाहरण घेतो. चौथ्या लेनमधून धावणारी हिमा शेवटच्या वळणावर मागे होती आणि सरळ पट्टीवर तिने रुमानियाच्या आंद्रेआ मिक्लोशला गाठलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘हिमाने मुसंडी मारली’ असंच छापून आलं. चित्र तसं दिसतं खरं, कारण आजूबाजूच्या सगळ्या जणी जास्त वेगाने मंदावत असतात. फलाटावर उभ्या दोन गाड्यांपैकी शेजारची मागे सरकली, की आपली पुढे निघाल्यासारखी वाटते, त्यातलाच प्रकार. त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये बेल्जियमच्या जोनाथन साकूरने ४५.०३ मध्ये सुवर्ण घेतलं. मागे जमैकाचे क्रिस्टोफर टेलर ४५.३८ आणि शाँट्झ सॉयर्स ४५.८९. यातला टेलर वयाच्या पंधराव्या वर्षी, २०१५ मध्ये, कोलंबियातल्या काली शहरात ४५.२७ धावून जागतिक युवा विजेता झाला होता. तीन वर्षांत ज्युनियरच्या फायनलमधली त्याची वेळ त्याहून कमी झाली नाही. चारशेत वय वाढलं म्हणून वेळ आपोआप उतरत नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावं.

वेग का उतरतो, हे थोडक्यात. स्नायूंत साठवलेलं तयार इंधन सहा-सात सेकंद पुरतं. मग साखर ऑक्सिजनविना जळते, त्यातून आम्ल वाढतं आणि तीनशेच्या पुढे स्नायू आकसायला-सुटायला वेळ लावतात. गुडघा वर येत नाही, पाऊल जमिनीवर जास्त वेळ राहतं, खांदे कानांकडे चढतात, मान ताठरते. मैदानावर आपण ‘पाय बांधले’ म्हणतो ते हेच. पंचेचाळीस-पन्नास सेकंदांच्या या कामात जवळपास चाळीस टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. म्हणूनच ‘ही स्प्रिंट आहे, लांब पळायची गरज काय’ असं म्हणणारे प्रशिक्षक आणि ‘रोज आठ किलोमीटर पळ’ सांगणारे प्रशिक्षक, दोघेही मुलांचं नुकसान करतात.

मग मुलाने ‘शेवटी वेग वाढव’ हे वाचून काय करायचं? तो पहिले दोनशे राखून धावतो, शेवटी ताकद उरेल या आशेवर. ती उरत नाही. हळू धावलं तरी तीनशेच्या पुढे पाय जडच होतात, फक्त तोपर्यंत दोन सेकंद गेलेले असतात. उलटी चूक म्हणजे पहिले दोनशे जीव तोडून. ज्याचे दोनशेचे सर्वोत्तम २४.० सेकंद आहेत, त्याने चारशेत पहिले दोनशे २४.२ ला काढले तर शेवटच्या पन्नास मीटरला तो चालत येईल. ढोबळ नियम असा की पहिलं निम्मं अंतर आपल्या दोनशेच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा साधारण एक सेकंद जास्त घ्यावं. म्हणजे या मुलाचे २५.० आणि उरलेले २७.०, एकूण ५२. दोन निम्म्यांत दोन सेकंदांचा फरक या पातळीवर ठीक आहे. फरक चार सेकंदांवर गेला तर वाटणी चुकली. फरक अर्ध्या सेकंदाचा आला तर मुलगा कौतुकाने फुगायला नको, तो सुरुवातीला झोपला होता. मायकेल जॉन्सनने १९९९ मध्ये सेव्हियाला ४३.१८ चा विक्रम केला, त्यात २१.२२ आणि २१.९६. इतकी सारखी वाटणी करायला दोनशेचा जागतिक विक्रमही स्वतःकडे असावा लागतो.

वाटणी चुकण्याचं आपल्या देशातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोम ऑलिम्पिक, १९६०. सुरुवातीला फार वेगात गेलो या शंकेने मध्येच वेग आवरला, असं मिल्खा सिंग स्वतः सांगत असत. तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्सची हातघड्याळाची वेळ ४५.५, मिल्खांची ४५.६. एकदा सोडलेला वेग चारशेत परत मिळवता येत नाही. पंधराशेत येतो, आठशेतही कधीकधी येतो.

हे निम्म्या अंतराचं मोजमाप शाळेच्या सरांनाही करता येतं, फक्त जागा चुकते. बरेच जण समोरच्या पट्टीवर एकाच ठिकाणी उभे राहून सगळ्या लेनचे दोनशे मोजतात. ते चूक आहे, कारण तिथे प्रत्येक लेनचा अर्धाच स्टॅगर संपलेला असतो. ट्रॅकवर दोनशेच्या शर्यतीसाठी जी तिरकी सुरुवातीची खूण प्रत्येक लेनमध्ये रंगवलेली असते (दुसऱ्या लेनला ३.५२ मीटर, आठव्याला २६.५२ मीटर पुढे), तीच चारशेच्या शर्यतीत त्या लेनचं अचूक निम्मं अंतर आहे. तिथे शंकू ठेवा आणि छाती शंकूशी आली की घड्याळ दाबा. व्हिडिओ असेल तर आणखी बरं. सेकंदाला २५ चित्रं घेणाऱ्या साध्या चित्रणातूनही सेकंदाच्या चार शतांशापर्यंत नेमकेपणा मिळतो. मात्र हातघड्याळाची वेळ आणि विद्युत वेळ एका रांगेत छापू नये. हातघड्याळ वरच्या दशांशाला पूर्ण करतात, ५२.३१ चे ५२.४ होतात, आणि विद्युत वेळेशी तुलना करताना चारशेसाठी त्यात ०.१४ सेकंद मिळवतात. तालुक्याला ‘५०.९’ धावलेला मुलगा राज्य स्पर्धेत ५१.६ ला येतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. तफावतीचा काही भाग घड्याळाचा असतो.

ज्युनियर स्पर्धेचं आणखी एक वेगळेपण बातमीतून निसटतं. हीट, सेमी आणि फायनल अशा तीन फेऱ्या बहुधा लागोपाठच्या दिवसांत येतात. मिश्र रिले (दोन मुलगे, दोन मुली, प्रत्येकी चारशे मीटर) आल्यापासून चारशेवाल्यांच्या अंगावर त्याचाही भार आहे. नैरोबीला २०२१ मध्ये मिश्र रिलेची हीट सकाळी आणि फायनल त्याच संध्याकाळी होती. भारताने ३:२०.६० मध्ये कांस्य घेतलं, पुढच्या वर्षी कालीला ३:१७.७६ मध्ये रौप्य. सीनियर धावपटू हीटमध्ये शेवटचे तीस मीटर सैल सोडून देतो. अठरा वर्षांचा मुलगा हीटमध्येच आयुष्यातली सर्वोत्तम वेळ काढतो, बातमी होते, गावात फलक लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सेमीमध्ये सातवा. यात अपयश शोधू नये, पण हीटच्या वेळेवरून पदकाचं भाकीतही छापू नये. लेनच्या रेषेचा नियमही बदलला आहे. वळणावर आतल्या रेषेवर एकदा पाऊल पडलं तर आता बाद करत नाहीत, नोंद ठेवतात. ती नोंद पुढच्या फेरीतही सोबत जाते आणि दुसऱ्यांदा पाऊल पडलं की बाद. ‘हीटमध्ये चालवून घेतलं, फायनलमध्ये अन्याय केला’ अशी तक्रार त्यामुळे उभीच राहत नाही.

वेळांची तुलना करताना ठिकाणही पाहावं. ज्युनियर स्पर्धेत हमदान अल-बिशी या सौदी धावपटूने २००० मध्ये सँटियागोला ४४.६६ ची वेळ दिली होती. ती २०२१ मध्ये नैरोबीला बोट्स्वानाच्या अँथनी पेसेलाने ४४.५८ करून मागे टाकली. नैरोबीची उंची दीड हजार मीटरहून जास्त. विरळ हवेत एका फेरीच्या शर्यतीत हवेचा अडसर कमी होतो आणि वेळ थोडी सुधारते. पेसेलाचं श्रेय कमी होत नाही, पण ‘२१ वर्षांनी विक्रम मोडला’ एवढंच लिहून भागत नाही. शिवाय त्या वर्षी कोविडमुळे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी संघ पाठवले नव्हते. आणि ज्युनियरचा जागतिक विक्रम तर स्पर्धेच्या विक्रमाहून फारच वेगळा आहे. स्टीव्ह लुईसने १९८८ मध्ये सोलला, १९ व्या वर्षी, ४३.८७ धावून थेट ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. तो आकडा अजून तसाच आहे. ‘स्पर्धा विक्रम’ आणि ‘ज्युनियर विश्वविक्रम’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते थांबावं.

आणि आता वय. यावर लिहिताना हात आखडतो, पण टाळता येत नाही.

जागतिक ज्युनियरची अट सोपी आहे. स्पर्धेच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय १६ ते १९ असावं. २०२६ ची स्पर्धा ५ ते ९ ऑगस्टला अमेरिकेत युजीनला आहे, तिथे २००७ ते २०१० या सालांत जन्मलेलेच उतरू शकतात. (याच युजीनला २०१४ मध्ये त्रिनिदादचा माशेल सेडेन्यो ४५.१३ ला जिंकला, आणि दोन वर्षांनी रिओत ४४.०१ धावून चौथा आला.) आता बार्सिलोना, जुलै २०१२. डोमिनिकन प्रजासत्ताकाचा लुगेलिन सांतोस ४४.८५ ला पहिला, अमेरिकेचा आर्मन हॉल ४५.३९ ला दुसरा. महिनाभरात लंडन ऑलिम्पिकमध्ये सांतोसने किराणी जेम्सच्या मागे रौप्य घेतलं. अकरा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, ॲथलेटिक्सच्या सचोटी विभागाने निकाल दिला की सांतोसचा खरा जन्म १२ नोव्हेंबर १९९२ चा. पासपोर्टवर १९९३ होतं. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९३. फरक अवघ्या पन्नास दिवसांचा. तीन वर्षांची बंदी आली आणि बार्सिलोनाचा निकाल रद्द झाला. लंडनचं रौप्य राहिलं, तिथे वयाची ही अट नव्हती. हॉलच्या हाती त्या संध्याकाळी मात्र रौप्यच होतं.

पन्नास दिवस कोणत्याही एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. हे वाक्य आम्ही मुद्दाम स्वतंत्र लिहितो, कारण ‘वैद्यकीय चाचणी झाली आहे’ असं छापलं, की वाचकाचा समज होतो की वयाचा प्रश्न मिटला. आपल्याकडे डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या पाहतात आणि गुण देऊन हाडांचं वय ठरवतात. १४ आणि १६ वर्षांखालील गटांत ही पद्धत बरीच उपयोगी पडते. मुलग्यांमध्ये हाडांचं वय साडेसोळाच्या आसपास पोचलं, की तिची मोजपट्टीच संपते. त्यानंतर सतरा, एकोणीस आणि एकवीस यांची मनगटं सारखीच दिसतात. म्हणजे २० वर्षांखालील गटात वय ठरतं ते कागदावर, आणि कागदाबद्दल आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी फार बोलू नये. आपल्या गावोगावच्या शाळांच्या जनरल रजिस्टरात १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागलेली आहे. पूर्वी नाव घालायला आलेल्या मुलाची तारीख आईबापांना सांगता येत नसे, गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहीत. त्यात लबाडी नव्हती. पण तारीख अंदाजाने लिहिता येते, तर सालही लिहिता येतं, ही सवय तिथूनच लागली.

कागद तपासताना निवड समितीने एक साधी गोष्ट पाहावी. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, एक जन्माची आणि दुसरी नोंदणीची. नोंद जन्मानंतर काही दिवसांतली असेल तर दाखला भक्कम. नोंद मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाल्यावरची असेल, तर पहिलीतल्या प्रवेशाचा उतारा, धाकट्या-मोठ्या भावंडांच्या तारखा आणि लसीकरणाचं कार्ड एकत्र ठेवून पाहावं. सख्ख्या भावंडांत पाच महिन्यांचं अंतर निघालेले कागद पंचांच्या टेबलावर येतात, तेव्हा एक्स-रेची गरज उरत नाही. वय लपवलेला मुलगा अंडर-१६ मध्ये पदकं घेतो, आणि खऱ्या वयाच्या मुलाला वाटतं आपल्यात दम नाही. तो मैदान सोडतो. पुढे वीस-एकविसाव्या वर्षी पहिलाही मागे पडतो, कारण त्याची वाढ आधीच झालेली असते. आपल्या क्रीडापानावर ‘हा कुठे गेला?’ असे लेख येतात, त्यातल्या काहींचं उत्तर इथे आहे.

आमची मागणी फार नाही. एक फेरीच्या शर्यतीची बातमी देताना पदक आणि वेळेच्या सोबत एक ओळ वाढवावी : लेन, प्रतिसाद-वेळ, निम्म्या अंतराची वेळ मिळाली तर ती, आणि जन्मसाल. नमुना म्हणून (हे आकडे काल्पनिक आहेत) : ‘लेन ५, प्रतिसाद ०.१६२, पहिले २०० – २१.७, एकूण ४५.९०, जन्म २००७.’ लेन, प्रतिसाद आणि जन्मसाल अधिकृत निकालपत्रकातच असतात, शोधावी लागत नाहीत. त्या एका ओळीवरून एखाद्या तालुक्याचे सर मुलांना फळ्यावर शर्यत समजावून सांगू शकतील. जागेची अडचण असेल तर ‘तिरंगा फडकावला’ हे वाक्य गाळलं तरी आमची हरकत नाही.

कळावे,
आपले,
ॲथलेटिक्सचे काही पंच व प्रशिक्षक, पुणे–सातारा

ता. क. : दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर हा स्टॅगर सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यामुळेच शाळेच्या मैदानांवर चुकतो. तो आतल्या बाजूला उंच कठडा आणि १.२२ मीटरची लेन असलेल्या ट्रॅकचा आकडा आहे. मातीच्या मैदानावर फक्कीची रेषा असते, कठडा नसतो. तिथे पहिल्या लेनचं मोजमापही रेषेपासून २० सेंटिमीटरवर घ्यायचं, मग दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.६७ येतो. जागा कमी म्हणून लेन एक मीटरच्या आखल्या असतील, तर प्रत्येक लेनला ६.२८ मीटर वाढवत जायचं, म्हणजे सहाव्या लेनला ३१.४२. तिथे पुस्तकातला ३७.७० ठेवला, की सहाव्या लेनचा मुलगा सहा मीटरहून कमी धावतो आणि बावन्न सेकंदांच्या शर्यतीत त्याला आठ दशांश सेकंद फुकट मिळतात. (हे एका फेरीत चारशे भरणाऱ्या मैदानाचं. दोनशेच्या मैदानावर दोन्ही फेऱ्या लेनमध्येच धावायच्या असतील तर सगळे आकडे दुप्पट.) फक्की मारण्यापूर्वी टेपने लेनची रुंदी दोन्ही वळणांवर तीन-तीन ठिकाणी मोजावी. कापडी टेप ओला झाला की ताणतो, त्यामुळे पोलादी वापरावा.